प्लॅस्टिकच्या फुलांवर बंदी आली, तर आपला झेंडू आपोआप विकला जाईल का?

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पारगावच्या शिवारात एका वस्तीवर गेलो होतो. चारही बाजूंनी ऊस आणि मध्ये दहा-बारा गुंठे झेंडू. बांधावर न विकलेल्या फुलांचा ढीग पडला होता. दसऱ्याला सकाळी ज्या मालाला गिऱ्हाईक होते, तोच दुपारनंतर कोणी विचारत नव्हते. परतीचे भाडे कशाला, म्हणून काही पोती तिथेच सोडून दिल्याचे त्यांनी सांगितले. बोलता बोलता घराच्या चौकटीकडे लक्ष गेले. तोरण झेंडूचेच होते, पण प्लॅस्टिकच्या. मी काही विचारण्याआधीच घरातल्या ताई म्हणाल्या, "सर, हे दिवाळीपर्यंत टिकतं. खरं दोन दिवसांत काळं पडतं."

ताईंचे काही चुकले नव्हते. गिऱ्हाईक प्लॅस्टिककडे का वळले, याचे उत्तर त्यांनी एका वाक्यात दिले. कृत्रिम फुलांवर बंदी हवी, ही मागणी योग्यच आहे. पण बंदी आली की आपल्या फुलांना आपोआप भाव मिळेल, या भरवशावर झेंडूचे क्षेत्र वाढवू नका. देवाच्या आराशीचा बाजार परत मिळवायचा असेल तर तारीख, टिकाऊपणा आणि मालाची निवड या तीन गोष्टी आपल्याला शेतातच जमवाव्या लागतील.

आतापर्यंत काय घडले?

केंद्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. या यादीत सजावटीचे थर्माकोल आहे, प्लॅस्टिकचे झेंडे आहेत, फुग्यांच्या काड्या आहेत. प्लॅस्टिकची फुले मात्र नावानिशी नाहीत. गणपतीच्या मखरातून थर्माकोल बऱ्याच अंशी गेले आणि प्लॅस्टिकचा झेंडू राहिला, त्यामागचे एक कारण हे आहे.

ही उणीव दूर व्हावी म्हणून ग्रोअर्स फ्लॉवर कौन्सिल ऑफ इंडिया या फूल उत्पादकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात कोरेगावचे आमदार महेश शिंदे यांनी हा विषय विधानसभेत मांडला. फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी कृत्रिम फुलांवर बंदी आणण्याचे आश्वासन दिले. त्यानंतर २०२५ चा गणेशोत्सव आणि दसरा आला, तेव्हाही बाजारात ही फुले दिसतच होती.

नियमाचा शब्द काय असेल, याकडेही लक्ष ठेवा. "प्लॅस्टिकची फुले" एवढाच शब्द आला तर "ही कापडी आहेत" असे सांगून माल विकता येईल. बाजारातली बहुतेक कापडी फुले पॉलिस्टरची असतात आणि पॉलिस्टर हा प्लॅस्टिकचाच धागा आहे. देठात तार आणि प्लॅस्टिक असते ते वेगळेच. म्हणून निवेदन देताना "कृत्रिम धाग्याची व प्लॅस्टिकची सर्व फुले" असा स्पष्ट उल्लेख करावा.

वाहायचे फूल वेगळे, आराशीचे फूल वेगळे

आपण "देवाची फुले" म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळे बाजार असतात.

पहिला बाजार पूजेचा. गणपतीला जास्वंद आणि दूर्वा, शंकराला बेल, विठ्ठलाला तुळस, घटाला रोजची माळ. इथे कोणी प्लॅस्टिकचे फूल वाहत नाही. हा बाजार लहान, पण रोजचा आणि खात्रीचा आहे. भाव पडला तरी उठाव पूर्ण थांबत नाही.

दुसरा बाजार आराशीचा. मखर, तोरण, कमान, मंडपाचे खांब, गाडीचा हार, दुकानाची चौकट. इथे फूल किलोने नव्हे, क्रेटने आणि पोत्याने लागते. प्लॅस्टिकने घेतला तो हा बाजार. मंडळाला दहा दिवस टिकणारी आरास हवी असते. आपला झेंडू दोन-तीन दिवसांत कोमेजतो. मंडळाने एकदा घेतलेली कृत्रिम माळ पुढच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा काढली जाते. त्यामुळे उद्या विक्री बंद झाली तरी माळ्यावरच्या जुन्या माळा लगेच संपणार नाहीत. पहिल्या वर्षी बंदीचा परिणाम आपल्या अपेक्षेपेक्षा कमी दिसेल, हे धरूनच क्षेत्र ठरवा.

या वर्षी सण १८ दिवस पुढे

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास आल्याने सणांच्या तारखा पुढे गेल्या आहेत.

- गणेश चतुर्थी: १४ सप्टेंबर (२०२५ मध्ये २७ ऑगस्ट)
- अनंत चतुर्दशी: २५ सप्टेंबर
- घटस्थापना: ११ ऑक्टोबर
- दसरा: २० ऑक्टोबर (२०२५ मध्ये २ ऑक्टोबर)
- लक्ष्मीपूजन: ८ नोव्हेंबर (२०२५ मध्ये २१ ऑक्टोबर)

मागच्या वर्षीची लागवडीची तारीख तशीच धरली तर फुलांचा पहिला जोमदार बहर पितृपक्षात सापडेल. तेव्हा हार-फुलांना उठाव कमी असतो. ही चूक एका गावात अनेकांनी केली तर भाव पडतो आणि मग आपण "प्लॅस्टिकने मारले" असे म्हणतो.

उंच वाढणाऱ्या नारंगी झेंडूची रोपे साधारण २१ ते २५ दिवसांत लागणीला येतात. लागणीनंतर ६० ते ६५ दिवसांनी पहिला तोडा मिळतो आणि भरघोस फुले त्यापुढे आठ-दहा दिवसांत येतात. संकरित वाणांत हा काळ कमी असू शकतो, म्हणून पाकिटावर दिलेले दिवस पाहा आणि सणाच्या तारखेपासून उलटे मोजा. वरच्या हिशोबाने:

- गणपतीसाठी: बी टाकणे जूनचा दुसरा आठवडा, लागण जुलैचा पहिला आठवडा.
- दसरा-दिवाळीसाठी: बी टाकणे जुलैच्या मध्यापासून, लागण ५ ते २० ऑगस्ट.

दसऱ्याच्या क्षेत्राचे दोन भाग करावेत. अर्धी लागण ५ ते १० ऑगस्ट आणि उरलेली १५ ते २० ऑगस्ट. दसरा ते लक्ष्मीपूजन १९ दिवसांचे अंतर आहे. पहिला भाग दसऱ्याला भरात असेल आणि दुसरा दिवाळीला ताजा, मोठ्या आकाराचा माल देईल. सगळा माल एका सकाळी बाजारात नेण्यापेक्षा हे सुरक्षित आहे. शेंडा खुडल्याने फांद्या व फुलांची संख्या वाढते, पण बहर काही दिवस लांबतो. खुडणार असाल तर लागण तेवढी आधी धरा.

दसरा या वर्षी २० ऑक्टोबरला आहे, म्हणजे आपल्या भागातून साधारणपणे मोसमी पाऊस परतल्यानंतर. भिजून फुले सडण्याचा धोका २ ऑक्टोबरच्या दसऱ्यापेक्षा कमी. पण हा फायदा सगळ्यांनाच आहे, त्यामुळे आवक वाढू शकते. पाऊस उघडला की लाल कोळीही वाढतो. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळी दिसते का, ते आठवड्यातून दोनदा पाहा. ऑगस्टची लागण गादीवाफ्यावरच करावी. सपाट वाफ्यात पाणी साचले की मर लागते आणि मग औषधाने विशेष काही साधत नाही.

टोमॅटो करणाऱ्यांसाठी एक सूचना. नारायणगाव-मंचर पट्ट्यात झेंडू हे सापळा पीक म्हणूनही घेता येते. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी. टोमॅटोचे रोप २५ दिवसांचे असताना झेंडूचे रोप ४५ दिवसांचे असावे, म्हणजे दोघांची फुले एका वेळी येतात आणि फळ पोखरणारी अळी झेंडूकडे वळते. या ओळींतली फुले विकणार असाल तर टोमॅटोवरची फवारणी त्यांच्यावरही पडते, हे लक्षात ठेवा. फवारणीनंतर लगेच काढलेली फुले बाजारात नेऊ नका. हार गुंफणाऱ्या बायका ती तासन्‌तास हातात धरतात आणि घरात ती देव्हाऱ्यात, मुलांच्या हाताशी असतात.

दोन दिवसांची फुले चार दिवस कशी टिकतील?

ताईंच्या तक्रारीवर अर्धा उपाय काढणीत आहे.

- पूर्ण उमललेली पण मऊ न पडलेली फुले सकाळी, दव सुकल्यावर काढावीत. ओल्या फुलांचे पोते दुसऱ्या दिवशी आतून तापते.
- काढलेला माल बांधावर उन्हात न ठेवता झाडाखाली किंवा शेडमध्ये पातळ पसरावा.
- प्लॅस्टिकच्या पोत्यात ठासून भरू नये. हवा खेळणारे क्रेट किंवा बांबूच्या करंड्या वापराव्यात.
- लहान, डागाळलेली आणि देठाकडून काळी पडलेली फुले आधीच बाजूला काढावीत. दहा किलोत अर्धा किलो सडका माल असला तरी पूर्ण क्रेटचा भाव त्यावर ठरतो.
- आराशीसाठी घट्ट, भरीव फुलांचे वाण निवडावेत. पाकळ्या सैल असलेले फूल हारात लवकर गळते.

फक्त झेंडूवरही राहू नका. ॲस्टरमध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले गणेश व्हाइट, फुले गणेश पिंक, फुले गणेश व्हायोलेट आणि फुले गणेश पर्पल हे वाण आहेत. पांढरा आणि जांभळा रंग झेंडूत सहसा मिळत नाही, म्हणून आराशीत ॲस्टर उठून दिसतो. हारासाठी सुट्या निशिगंधाचा अर्का प्रज्वल हा वाण चांगला आहे. शेवंतीला कळ्या यायला लहान दिवस लागतात, त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिचा नैसर्गिक बहराचा काळ. दिवाळी नोव्हेंबरमध्ये आणि मार्गशीर्षातले गुरुवार डिसेंबरमध्ये येत असल्याने या वर्षी शेवंतीला तारखा चांगल्या जुळतात.

दहा दिवस टिकणारी आरास आपल्याच शेतात आहे

उरलेला अर्धा उपाय फुलांच्या बाहेर आहे. दहा दिवसांची आरास पूर्ण ताज्या फुलांची करा, असे मंडळाला सांगून चालणार नाही. ते परवडत नाही. आराशीचा सांगाडा टिकाऊ नैसर्गिक मालाचा असावा आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलायची फुले थोडी असावीत. असे केले तर मंडळाचा खर्च आवाक्यात राहतो आणि आपला माल एकदाच नव्हे, तीन-चार वेळा जातो.

सांगाड्यासाठी लागणारे बरेच काही पारगावच्या आसपास उभे आहे.

ऊस: दत्तात्रयनगरच्या भीमाशंकर कारखान्याला आपला ऊस टनावर जातो. लक्ष्मीपूजनाला आणि तुळशीच्या लग्नाला तोच ऊस नगावर विकला जातो. सरळ, न लोळलेला, वाढ्यासह काढलेला ऊस कमानीला आणि मखराच्या खांबाला उत्तम. चार-पाच गुंठ्यांतला निवडक ऊस त्यासाठी बाजूला ठेवता येतो.

केळीचे खुंट: घड काढल्यावर खोड कुजायला सोडण्याऐवजी सत्यनारायण, गौरी आणि मंडपासाठी देता येते. पाण्याच्या बादलीत बुंधा ठेवला तर खुंट बरेच दिवस ताजा राहतो.

बाजरीची कणसे, भाताच्या लोंब्या: पूर्ण भरण्याच्या थोडे आधी कापून, जुड्या बांधून, सावलीत उलट्या टांगून वाळवाव्यात. रंग टिकतो आणि दाणे गळत नाहीत. ही तोरणे महिनाभर राहतात आणि नंतर पाखरांना टांगता येतात.

वाळूनही रंग न सोडणारी फुले: गॉम्फ्रिनाची बटणासारखी जांभळी फुले आणि स्टॅटिस यांचा रंग वाळल्यावरही बराच काळ टिकतो. पहिल्या वर्षी एक-दोन गुंठ्यांत करून पाहावे. गिऱ्हाईक आधी, क्षेत्र नंतर.

खुरासणी: घटाच्या माळेला कारळ्याची, म्हणजे खुरासणीची पिवळी फुले लागतात. पश्चिम पट्ट्यातल्या गावांचे हे जुने तेलबियांचे पीक. नवरात्राच्या सुमारास ती फुलावर असते. मधमाश्यांसाठीही ती चांगली, म्हणून सगळी फुले तोडू नयेत.

दूर्वा, पत्री आणि जंगल

जी हरळी काढायला आपण मजुरी मोजतो, तीच बाजारात दूर्वा म्हणून जुडीने विकली जाते. ओझर आणि लेण्याद्री ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने जुन्नर तालुक्यातच आहेत. दर संकष्टीला तिथे दूर्वा आणि जास्वंद लागतेच. मात्र हरळी मुद्दाम शेतात लावू नका. विहिरीजवळ सिमेंटच्या कठड्यात बंदिस्त वाफा करावा, तिला तणनाशक आणि सांडपाणी लागू देऊ नये आणि कोवळे तुरे नियमित कापावेत. जास्वंदीचे फूल एका दिवसाचे असते. आदल्या संध्याकाळी टपोऱ्या कळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवल्या तर सकाळी बाजारात फूल उमललेले मिळते. पिठ्या ढेकूण दिसताच तेवढी फांदी छाटून नष्ट करावी.

पत्रीच्या बाबतीत मात्र सावध राहा. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून आणल्या जातात. आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानेही विकली जातात. भीमाशंकरचे जंगल अभयारण्य आहे. तिथून पाला-फांद्या तोडून आणणे बेकायदा आहे, आणि त्यातून "नैसर्गिक" आरासही होत नाही. बेल, शमी, आपटा, आवळा यांची रोपे बांधावर लावली तर काही वर्षांत हक्काची पत्री मिळते. महिला गटांसाठी हे कमी भांडवलाचे काम आहे. फांदी न तोडता पाने खुडून जुड्या बांधण्याची सवय सुरुवातीपासून लावावी.

निर्माल्यात खरा फरक कळतो

विसर्जनानंतर घोड आणि कुकडीच्या काठावर काय उरते, ते आपण पाहतोच. खरे फूल आठवड्यात मातीत जाते. प्लॅस्टिकचे फूल वर्षानुवर्षे तसेच राहते आणि त्याचे तुकडे कालव्यातून आपल्याच शेतात येतात.

निर्माल्याचे खत करताना आधी दोरा, तार, थर्माकोल, जरी काढून टाकावी. खाली उसाच्या पाचटाचा थर, त्यावर फुले-पत्री, त्यावर शेणकाला, असे थर द्यावेत. फुले ओली आणि नत्राची, पाचट कोरडे आणि कर्बाचे, म्हणून दोन्ही एकत्र चांगली कुजतात. ओलावा मुठीत दाबल्यावर हात ओला होईल, पण पाणी गळणार नाही इतपत ठेवावा. दर १५ दिवसांनी उलथावे. साधारण दोन महिन्यांत खत तयार होते. निर्माल्य जनावरांपुढे टाकू नका. त्यात कण्हेर आणि धोत्रा असू शकतो, दोन्ही विषारी आहेत. कृत्रिम फुलांची माळ ढिगात एकदा मिसळली, तर ते खत शेतात टाकता येत नाही.

बंदीवर किती विसंबावे?

सरकारी किंवा देवस्थानच्या एका निर्णयाने फुलांचा बाजार बंद होऊ शकतो, हे शिर्डीत दिसले. कोविडच्या काळात तिथे मंदिरात हार-फुले नेणे बंद झाले. साथ ओसरल्यावरही बंदी राहिली, तेव्हा २०२२ मध्ये शेतकरी आणि विक्रेत्यांना आंदोलन करावे लागले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परवानगी दिल्यानंतर २०२४ च्या अखेरीस फुले पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात बाग मोडलेल्यांचे नुकसान कोणी भरून दिले नाही. निर्णय विरोधात गेला तर सगळे बुडावे, इतके क्षेत्र एका निर्णयावर लावू नये. तो निर्णय बाजूने जाईल अशी आशा असली, तरी नियम हाच.

केरळकडे पाहा. ओणमच्या रांगोळीसाठी लागणारी फुले तिथे मोठ्या प्रमाणात तामिळनाडू आणि कर्नाटकातून येतात. अलीकडच्या काही वर्षांत कुडुंबश्रीच्या महिला गटांनी ओणमची तारीख धरून झेंडू लावायला सुरुवात केली. त्यांनी बंदीची वाट पाहिली नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या गावात माल हजर ठेवला.

विस्तार कार्यकर्त्यांना विनंती आहे की जूनच्या आत गावनिहाय तीन याद्या कराव्यात: कोण कोणत्या तारखेला किती गुंठे झेंडू लावणार, आसपासची कोणती मंडळे आणि देवस्थाने किती फुले घेणार, आणि कोणते महिला गट हार व तोरणे गुंफणार. सुट्या झेंडूपेक्षा तयार तोरणाला दसऱ्याच्या दुपारीही गिऱ्हाईक मिळते. मंडळाशी बोलताना "दर तिसऱ्या दिवशी फुले बदलून देऊ" असा करार करावा.

आणि तुमचा स्वतःचा हिशोब पेरणीआधी वहीत मांडा: रोपे, मजुरी, क्रेट, भाडे आणि बाजारातील कपात मिळून किलोमागे खर्च किती येतो? दसऱ्याच्या सकाळच्या नव्हे, दुपारच्या भावाने तो निघतो का? निघत नसेल तर क्षेत्र निम्मे करा आणि उरलेल्या जागेत ॲस्टर किंवा शेवंती घ्या.

सुरुवात घरच्या चौकटीपासून करा. शेतात झेंडू आणि दारात प्लॅस्टिक असेल, तर शहरातल्या गिऱ्हाइकाला आपण कोणत्या तोंडाने सांगणार? त्या ताईंना मी एवढेच सुचवले, की आंब्याची पाने आणि बाजरीची कणसे यांचे तोरण कायमचे ठेवा आणि त्यात झेंडूची पाच फुले दर दोन दिवसांनी बदला. फुले तर बांधावर पडलीच होती.